गोव्यातल्या सत्तरीत तळ्याकाठी, सड्यावर (जांभ्याच्या उघड्या कातळावर) गावची बाग: ठेकेदाराच्या यादीतलं आधी काय घ्यावं? (चर्चेतली नावं टोपणनावं आहेत)

वाड्यावरचा:

आमच्या पंचायतीकडे तळ्याच्या वरच्या अंगाला साधारण २५०० चौरस मीटर जागा आहे. अर्धा भाग उघडा सडा, अर्ध्यात जांभ्यावर हातभर माती. पावसात टेकडीचं पाणी याच जागेतून तळ्यात उतरतं. ग्रामसभेत बाग करायचं ठरलं आणि ठेकेदारानं यादी दिली: २.१ मीटर उंच मजल्याचा मुलांचा खेळसंच (घसरगुंडी, शिडी, पूल), चार झोपाळे, ओपन जिमची आठ यंत्रं, संपूर्ण जागेत पेव्हर (सिमेंटचे ठोकळे), मधोमध गझिबो (छत्रीसारखा मंडप), कारंजं, तळ्याच्या बाजूला शौचालय आणि सोलर दिवे.

पैसे एकदम सगळ्याला पुरणार नाहीत. यातलं आधी काय, नंतर काय, आणि मुळीच नको असं काय? संध्याकाळी म्हातारी माणसं येणार, चाकाच्या खुर्चीवरचेही दोघे-तिघे वाड्यावर आहेत. आणि आपला पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे.

चिरेखाण:

यादीत जे नाही तेच आधी करायचं आहे, ते म्हणजे पाणी. ताशी १०० मिलिमीटरची सर आली तर २५०० चौरस मीटरवर तासाला २५० घनमीटर पाणी पडतं, म्हणजे मिनिटाला चार हजार लिटरच्या वर, सेकंदाला सुमारे ७०. भिजलेला जांभा यातलं फारसं शोषत नाही. ३० बाय ३० सेंटिमीटरचं गिलावा केलेलं गटार २०० मीटरला १ मीटर उतारानं काढलं तर काठोकाठ भरून सेकंदाला ८०-९० लिटर वाहून नेतं. तेवढ्यात बागेचं स्वतःचं पाणी निघेल, टेकडीचं निघणार नाही. टेकडीच्या पाण्यासाठी वरच्या कुंपणाबाहेर वेगळा चर मारा. तो मोठा हवा, आणि त्याचं पाणी बागेत न शिरवता कडेकडेनं तळ्यात सोडा. तळ्यात पडण्याआधी मीटरभर खोल, मीटर-दीड मीटर लांबीचा गाळखड्डा ठेवा आणि पावसाळ्यात दोनदा उपसा. नाहीतर बागेची माती दर वर्षी तळ्यात.

उतार डोळ्यांनी ठरवू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून दर पाच मीटरवर पातळी घ्या, दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. शक्य असेल तर ऐन जुलैत जागेवर उभे राहून पाणी कुठून येतं ते चुन्यानं वा खुंट्यांनी आखून ठेवा. नकाशापेक्षा ते खरं.

पेव्हर संपूर्ण जागेत नको. फक्त वाटेला आणि शौचालयापुढे घाला. माणसांच्या वाटेला ६० मिमी जाडी पुरते, कचऱ्याची गाडी जिथपर्यंत येणार तिथपर्यंत ८० मिमी. खाली १५० मिमी खडी-मुरुमाचा थर दोन टप्प्यांत ठोकून, त्यावर ३० मिमी वाळू. दोन्ही कडांना काँक्रीटचं कर्ब (कडेची पट्टी) हवंच. कर्ब नसलं की पहिल्याच पावसात कडेची वाळू वाहून जाते, कडेचे ठोकळे बाहेर सरकतात आणि मग मधला भाग बसतो. ठोकळे वाईट होते असं लोक म्हणतात, दोष बहुतेक वेळा कर्बचा आणि ठोकणीचा असतो. वाटेला आडवा उतार २ टक्के ठेवा, दीड मीटर रुंदीला ३ सेंटिमीटर. गुळगुळीत किंवा चकचकीत पृष्ठभागाचे ठोकळे घेऊ नका. सावलीत श्रावणापर्यंत त्यावर शेवाळ धरतं आणि म्हातारं माणूस तिथेच पडतं. खरखरीत घ्या. पावसाळ्यात पंधरवड्याला ताठ ब्रशनं घासायचं काम राखणदाराच्या यादीत लिहूनच ठेवा.

चाकाच्या खुर्चीसाठी वाट १:२० पेक्षा चढी नको. जिथे इलाजच नाही तिथे १:१२ चा रॅम्प, दोन्ही बाजूंना कठडा, वर-खाली दीड मीटरची सपाट जागा. ६० सेंटिमीटर चढायला ७.२ मीटर लांबी लागते. ही लांबी आराखड्यात आधीच धरा, नंतर तिला जागा सापडत नाही.

शौचालय तळ्याच्या बाजूला हे मात्र सरळ नाकारा. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर दूर असावा असं भारतीय मानक सांगतं. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, मैलापाणी गाळलं न जाता थेट निघून जातं, म्हणून इथे त्याहून बरंच जास्त अंतर धरा. दुसरं, तळं पाणथळ म्हणून अधिसूचित असेल किंवा त्या प्रक्रियेत असेल तर २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम करता येत नाही. खास पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसानं बांधलेली तळी त्या नियमांत धरत नाहीत. तुमचं तळं कशात बसतं ते राज्य पाणथळ प्राधिकरणाकडून लेखी घ्या. त्याच फेरीत जमिनीच्या मालकीचा एक-चौदाचा उतारा काढा. जागा पंचायतीची म्हणता, पण उताऱ्यावर कोमुनिदादचं (गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेचं) नाव निघालं तर सगळी कामं तिथेच अडतील.

शौचालय फाटकाजवळ, रस्त्यावरून दिसेल असं बांधा. कोपऱ्यात लपवलेलं शौचालय वर्षभरात कुलूपबंद होतं. एक खोली चाकाच्या खुर्चीची: आत दीड मीटर व्यासाची मोकळी जागा, दार ९० सेंटिमीटर मोकळं आणि बाहेर उघडणारं, भांड्याशेजारी भिंतीत घट्ट बसवलेली धरायची दांडी. सेप्टिक टँकचं झाकण जड आणि कुलपाचं हवं. पातळ काँक्रीटची झाकणं फुटतात आणि मुलं त्यावर उड्या मारतात.

झोपाळा:

खेळसंचाबद्दल. २.१ मीटरचा मजला गावच्या बागेला नको, १.५ मीटरवर या. खाली सुटा थर घालायचा तर युरोपीय मानकाप्रमाणे २ मीटरपर्यंतच्या पडण्याला ३०० मिमी वाळू लागते. त्यातले १०० मिमी पायांनी सरकणारच असं धरलेलं असतं. मजला २.१ वर नेला की तेवढी वाळू पुरत नाही. संचाखाली आणि सभोवती १.८ मीटर मोकळी पट्टी धरली तर लहान संचालाही ४८ चौरस मीटर लागतात, म्हणजे जवळपास साडेचौदा घनमीटर वाळू. ठेकेदाराच्या दरपत्रकात हा आकडा आहे का बघा. बहुतेक ठिकाणी संच येतो आणि खाली पेव्हर किंवा उघडा जांभा राहतो. डोक्याला मार लागतो तो याच कारणानं, संच महाग की स्वस्त याचा त्याच्याशी संबंध नाही.

झोपाळ्याला जागा लोकांना वाटते त्यापेक्षा फार लागते. वरच्या कडीची उंची २.२ मीटर असेल तर पुढे ४.४ आणि मागे ४.४ मीटर मोकळं. एका चौकटीत दोनच बैठका, दोघींत किमान ६० सेंटिमीटर, बैठक आणि खांबात ७५. बैठक रबराची, लाकडी फळी नको. झोपाळे खेळसंचापासून वेगळे, वाट कुठेही त्यांच्या पुढून जाऊ नये. तुमच्या जागेत चार बसवाल तर दोन चौकटी लागतील. आधी एकच घ्या.

संच उतरवून घेताना टेप घेऊन उभे राहा. ९ ते २३ सेंटिमीटरची कुठलीही बंद फट नको. मुलाचं अंग त्यातून जातं, डोकं अडकतं. कठड्याच्या उभ्या दांड्या आणि शिडीच्या पायऱ्या यांच्यात हेच बघायचं. घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवा. पश्चिमेला ठेवलेली पत्र्याची घसरगुंडी मार्च-एप्रिलात चारच्या सुमारास चटका देते. फायबरची घेतली तर उन्हानं वरचा थर गेल्यावर काचेचे धागे उघडे पडतात आणि मांडीत घुसतात. ती रंगवून भागत नाही, बदलावी लागते. जाड रोटोमोल्डेड (साचा फिरवून ओतलेलं) प्लास्टिक बरं.

गंजाबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे खेळणी मोडतात ती यानंच. नुसतं पावडर कोटिंग केलेली लोखंडी नळी वरून सुंदर दिसते, पण ती आतून आणि जमिनीच्या पातळीला गंजते. नळीत दमट हवा शिरते, पाणी तळाशी साठतं. सुरक्षेसाठी पायाचं काँक्रीट वाळूच्या खाली ठेवावंच लागतं, नाहीतर मूल त्यावर आपटतं. म्हणजे नळीचा ३० सेंटिमीटर भाग कायम ओल्या वाळूत. म्हणून नळी कापून, जोडून, भोकं पाडून झाल्यावर अख्खी हॉट-डिप गॅल्व्हनाइझ झालेली (वितळलेल्या जस्तात बुडवलेली) हवी, आतूनसुद्धा. वर रंग हवा तर चढवा. नंतर जागेवर वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो. दर सहा महिन्यांनी खांबाजवळची वाळू बाजूला करून हातोडीनं टिचक्या मारा, बद्द आवाज आला तर नळी पातळ झाली. नट-बोल्ट स्टेनलेस ३०४ प्रतीचे पुरेत. ३१६ चे पैसे समुद्राजवळच्या बागेत घालावेत, सत्तरीत नको.

वाड्यावरचा:

दोघांचेही आभार, यातलं निम्मं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन शंका. नदीची वाळू मिळणं आता कठीण आहे, तर रबराच्या लाद्या चालतील? आणि गझिबो वगळला तर अचानक पाऊस आला की माणसांनी थांबायचं कुठे?

झोपाळा:

खाणीच्या चुऱ्याची वाळू घालू नका. तिच्यात पूड असते, दोन पावसांत ती दगडासारखी बसते. धुऊन पूड काढलेली, २ मिमीपर्यंतच्या दाण्याची मिळाली तर चालेल. हातात घेऊन पाण्यात ढवळून बघा, पाणी गढूळ झालं तर परत पाठवा. दुसरा पर्याय २ ते ८ मिमीचे गोल गुळगुळीत खडे, बांधकामाची टोकदार खडी नव्हे. लाकडाचे तुकडे आपल्याकडे नकोत, वाळवी आणि बुरशी धरते.

रबराच्या सुट्या लाद्या चिकटवून बसवतात. पाणी खाली शिरलं की कडा उचलतात आणि त्यात पाय अडकतो. घ्यायचंच तर जागेवर ओतून केलेलं अखंड रबर, खाली १ ते २ टक्के उताराचं काँक्रीट. किती उंचीवरून पडणं चालतं याचा चाचणी-दाखला पुरवठादाराकडून मागा आणि तो आकडा तुमच्या मजल्याच्या उंचीशी ताडून बघा. दाखला नसेल तर ते नुसतं रंगीत आच्छादन. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला खेळण्यापर्यंत पोचायला मात्र हाच पृष्ठभाग उपयोगी, वाळूत चाक रुततं. दोन्हीचा मेळ घालता येतो: वाटेपासून झोपाळ्यापर्यंत रबराची पट्टी, बाकी वाळू.

चिरेखाण:

मधोमध गझिबो नको, पण आसरा हवा. फाटकाजवळ, शौचालयाच्या छपरालाच जोडून चार बाय सहा मीटरचा कौलारू सोपा (ओसरी) काढा. एकच पाया, एकच पन्हळ, एकच गटार. बसायला आपला चिऱ्याचा सोपो (बांधीव बाक): ४५ सेंटिमीटर उंच, ४० खोल, वर सिमेंटचा घोटीव थर, पुढे किंचित उतार म्हणजे पाणी थांबत नाही. तो मोडत नाही, चोरीला जात नाही आणि गावातला गवंडीच बांधतो. निदान दोन ठिकाणी हाताला आधार बांधा, त्याशिवाय म्हाताऱ्यांना उठता येत नाही. झाडांखालीही असेच सोपो करा, लोखंडी बाकडी विसरा.

एक गोष्ट फलकावर मोठ्या अक्षरांत हवी. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात संध्याकाळी वीज कडाडते तेव्हा उघड्या सड्यावरचं उघडं छप्पर पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही. गडगडाट ऐकू आला की लोकांनी घरात किंवा बंद गाडीत जावं.

कुळागर:

बाकीच्यांनी जमिनीखालचं सांगितलं, मी वरचं सांगतो. उघडा सडा आहे त्यातला निदान अर्धा तसाच ठेवा, माती ओतून हिरवळ करू नका. पावसात त्या काळ्या कातळावर सीतेची आसवं आणि कितीतरी बारकी फुलं येतात. मातीचा थर पडला की ती गेली, परत येत नाहीत. हिरवळीला तर मार्च ते मे रोज पाणी लागेल आणि तेव्हाच तळं खाली गेलेलं असतं. कातळाभोवती गुडघ्याएवढ्या चिऱ्यांची ओळ घाला, एक पायवाट सोडा, शाळेची मुलं श्रावण-भाद्रपदात तिथे बघायला येतील. सगळ्या बागेत मला हाच भाग मोलाचा वाटतो.

झाडं. खेळसंच आणि बाकांवर माड किंवा फणस येता कामा नये, फळ डोक्यात पडतं. गुलमोहोर आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ पटकन वाढतात म्हणून लावतात, पावसाळी वाऱ्यात त्यांच्याच फांद्या आधी मोडतात. काजरा कुठे आपोआप उगवलेला असेल तर मुलांच्या भागाजवळ ठेवू नका: फळ पिकल्यावर नारिंगी, गोंडस दिसतं आणि बी जहरी. पिवळी कण्हेरही तशीच, कुंपणाला शोभेसाठी लावतात, ती नको. बिब्ब्याच्या जातीच्या झाडांचा चीक अंगावर फोड आणतो. पण जुनं झाड तोडायचं झालं तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी आधी, कुऱ्हाड नंतर.

लावायचं ते: बसायच्या जागी ओवळ (बकुळ), सावली दाट आणि फांदी चिवट. तळ्याच्या बाजूला करंज. मागच्या कडेला माट्टी (ऐन), किंदळ, जांभूळ. जांभूळ वाटेवर नको, फळांनी फरशी निसरडी होते. आत भिरंड (कोकम) दोन-चार, सावलीतही येतात.

जांभ्यात खड्डा ९० सेंटिमीटरचा चौरस आणि तेवढाच खोल. इथे एक गोष्ट हमखास चुकते. कातळात खणलेला खड्डा म्हणजे टाकी होते. जूनमध्ये तो भरतो, मुळं कुजतात, आणि लोक म्हणतात रोप कच्चं होतं. खड्डा खणल्यावर मातीशिवाय बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही ते तसंच असेल तर उताराच्या बाजूनं खड्ड्याच्या तळापर्यंत अरुंद चर फोडा आणि दगडगोटे भरा. मग माती, कुजलेलं शेणखत आणि खणलेला मुरुम. जूनचा पाऊस लागून बसल्यावर रोप लावा. पहिली तीन वर्षं डिसेंबर ते मे आठवड्यातून दोनदा २० लिटर, बुंध्याभोवती सुक्या पानांचं आच्छादन. बुंध्यापासून मीटरभर पेव्हर येऊ देऊ नका.

तुम्ही सत्तरीत आहात म्हणून हेही: माकडतापाच्या (गोचिडींतून पसरणाऱ्या आजाराच्या) काळात, साधारण डिसेंबर ते मे, पालापाचोळ्यात बसू नये अशी सूचना लावा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वाळपईच्या आरोग्य केंद्राला कळवा. बागेला लागून रान असेल तर मधली तीन मीटर पट्टी गवत कापून मोकळी ठेवा.

फ्यूज:

ओपन जिमला माझा विरोध नाही, आठ यंत्रांना आहे. तीन घ्या: चालायचं, कंबर फिरवायचं, खांद्याचं चाक. म्हाताऱ्यांना तीच लागतात. बाकीची सहा महिन्यांत मुलांचे झोपाळे होतात आणि सांध्यात बोटं सापडतात. यंत्रं खेळसंचापासून दूर, दोघांमध्ये निदान झुडपांचं कुंपण. बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं मागा. उघडं बेअरिंग एका पावसात खरखरतं, आणि त्यावर ग्रीस चोपडून काही होत नाही.

सोलर दिव्यांचं: जून-जुलैत दिवसेंदिवस ऊन नसतं. बॅटरी निदान तीन रात्री पुरेल असा हिशेब द्यायला सांगा, नाहीतर फाटक आणि शौचालयाला साधी वीज घ्या. विजेच्या तारा चिलखती केबलच्या, ६० सेंटिमीटर खोल, वर विटांची ओळ. जांभ्यात तेवढं खणणं महाग पडतं म्हणून ठेकेदार वीतभर खोलीवर उरकतात, मग कुणी रोपासाठी पहार मारली की तार तुटते. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) हवंच, महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. खांब ३-४ मीटरचे, उजेड पिवळसर आणि खाली पडणारा. तळ्याकडे झोत नको.

कारंजं रद्द करा. त्या पैशांत १००० लिटरची टाकी, दाबून सोडले की आपोआप बंद होणारे पितळी नळ आणि तळ्याच्या काठाला कठडा येतो. कठडा १.१ मीटर उंच, दांड्या उभ्या, आडव्या नकोत, आडव्या म्हणजे शिडी. काठावर दोन ठिकाणी ३० मीटर दोरी बांधलेली लाईफबॉय (बुडणाऱ्याला फेकायचं तरंगतं कडं), कुलूप न लावता. फलकावर १०८ आणि ११२, आणि त्याखाली बागेचं नाव व वाडा स्पष्ट लिहा. घाबरलेल्या पाहुण्याला जागा सांगता येत नाही.

वाड्यावरचा:

गुरांचं राहिलं. फाटक उघडं राहिलं की गुरं आत येतात.

फ्यूज:

माणसांसाठी वळणाचं फाटक करा, इंग्रजी व्हीसारखं, त्यातून गुरं जात नाहीत. पण चाकाची खुर्चीही जात नाही. म्हणून शेजारी १.२ मीटरचं दुसरं फाटक, आपोआप मिटणारं. बिजागरी वरची थोडी तिरकी बसवली की फाटक स्वतःच्या वजनानं मिटतं, स्प्रिंग लागत नाही. कडी ८०-९० सेंटिमीटर उंचीवर, खुर्चीत बसून हात पोचेल अशी.

चिरेखाण:

आता क्रम. पहिल्या वर्षी कागदपत्रं, चर, गटार, कुंपण, शौचालय आणि सोपा, वाट, झाडांचे खड्डे. जूनमध्ये झाडं. दुसऱ्या वर्षी एक खेळसंच खालच्या वाळूसकट, एक झोपाळ्याची चौकट, जिमची तीन यंत्रं. गटार एक पावसाळा वाहिलेलं बघितल्यावरच खेळसंचाची जागा पक्की करा.

निविदेत दोन अटी घाला. ठेकेदाराची अनामत रक्कम दुसऱ्या ऑक्टोबरपर्यंत परत नाही, म्हणजे एक पूर्ण पाऊस कामावरून जाईल. आणि दुरुस्तीची सामग्री सोबत: पेव्हरचे शंभर जादा ठोकळे, झोपाळ्याच्या दोन साखळ्या, बैठका, बुश आणि बेअरिंगचा एक संच. पाच वर्षांनी त्याच रंगाचा ठोकळा आणि त्याच मापाचा बुश बाजारात मिळत नाही. राखणदाराचा पगार पंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा, बागेच्या बांधकामाच्या पैशांत घालू नका. ते पैसे काम संपलं की संपतात.